मोठे ब्रेक की चांगले टायर?

माझा एक जुना विद्यार्थी सध्या जर्मनीत नोकरीला आहे. शाळेत असल्यापासून त्याला मोटारींचे विलक्षण वेड. वहीच्या शेवटच्या पानांवर गणितांपेक्षा मोटारींची चित्रेच जास्त असत. आता त्याने स्वतःच्या कमाईतून एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली आहे. जपानच्या माझदा कंपनीची ही 'एमएक्स-५'. १९८९ साली बाजारात आलेली दोन माणसांची, उघडणाऱ्या टपाची, हलकी आणि चपळ गाडी. मध्यंतरी त्याचे पत्र आले. त्यात लिहिले होते, "सर, गाडीला मोठे ब्रेक बसवावेत असे मनात आहे. मूळच्या पुढच्या डिस्क अवघ्या २३५ मिलिमीटर व्यासाच्या आहेत. नव्या डिस्क, नवे कॅलिपर वगैरे मिळून माझा एका महिन्याचा पगार जाईल. पण गाडी लवकर थांबेल आणि जिवापुढे पैशाचे काय? तुमचे मत कळवा."

पत्र मी नववीच्या वर्गात वाचून दाखवले आणि मुलांना विचारले, "काय सांगू याला?" बहुतेक सगळे हात मोठ्या ब्रेकच्या बाजूने वर झाले. एका मुलीने मात्र विचारले, "सर, त्याच्या गाडीचे ब्रेक आता नीट लागत नाहीत का?" प्रश्न साधा, पण नेमक्या जागी बोट ठेवणारा होता. त्या प्रश्नाचा धरून विचार केला आणि मी माझ्या विद्यार्थ्याला कळवले, "रोज ऑफिसला जाण्यासाठी गाडी वापरत असशील तर हा खर्च करू नकोस." हे मत अनेकांना चमत्कारिक वाटेल. म्हणून त्यामागची कारणे येथे मांडतो. पटतात की नाही ते तुम्हीच ठरवा.

पहिला प्रश्न असा : धावती गाडी थांबवते कोण? तुम्ही म्हणाल, ब्रेक. पण न्यूटनचा पहिला नियम आठवा. गतिमान वस्तूवर बाहेरून बल लागल्याशिवाय तिची गती बदलत नाही. ब्रेक तर गाडीच्या आतच आहेत. गाडीत बसून आपण समोरच्या काचेला कितीही जोर लावला तरी गाडी ढिम्म हलत नाही, तसेच आतल्या बलाने ती थांबतही नाही. बाहेरचे बल देणारा आहे तो रस्ता. ब्रेक चाकाचे फिरणे रोखतो, मग टायर रस्त्यावर घासू पाहतो आणि टायर व रस्ता यांच्यातील घर्षण गाडीला मागे ओढते. ब्रेक नसेल तर हे घर्षण वापरता येणार नाही, हे खरेच. पण त्या घर्षणाची मर्यादा ब्रेक ठरवत नाही. ती टायर आणि रस्ता हे दोघे ठरवतात.

याचा अनुभव तुम्ही सायकलवर घेतलेला आहे. मुरमाच्या किंवा वाळूच्या रस्त्यावर मागचा ब्रेक करकचून दाबला की काय होते? चाक फिरायचे थांबते, पण सायकल थांबत नाही. थांबलेले चाक फरपटत, मातीत रेघ ओढत पुढे जाते. आता अशा सायकलला दुप्पट जोराचा ब्रेक बसवला तर ती लवकर थांबेल का? मुळीच नाही. चाक तर आधीच थांबलेले आहे. थांबलेल्या चाकाला आणखी काय थांबवणार?

स्पोर्ट्‌स कारचेही असेच आहे. चांगल्या स्थितीतल्या मोटारीचा ब्रेक जोराने दाबला तर चाके जागच्या जागी जखडतात, किंवा गाडीला एबीएस असेल तर ते काम करू लागते आणि पायाखाली पेडल धडधडते. बॉश कंपनीने विकसित केलेली ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९७८ साली मर्सिडीझच्या मोटारींत आली. चाक जखडू लागले की ती त्याच्या ब्रेकवरचा दाब क्षणभर कमी करते आणि पुन्हा वाढवते. कोरड्या, स्वच्छ डांबरी रस्त्यावर एबीएस जागे झाले, तर त्याचा अर्थ ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपेक्षा आताच जास्त आहे. अशा गाडीला मोठे ब्रेक बसवणे म्हणजे भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतण्यासारखेच.

आता थोडे गणित करू. गाडीचे वस्तुमान हिशेबाच्या सोयीसाठी १००० किलोग्रॅम आणि वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर धरू. टायर आणि कोरडा रस्ता यांच्यातील घर्षणगुणांक ०.८ मानू. थांबण्याचे अंतर काढायचे तर वेगाच्या वर्गाला, घर्षणगुणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचे. उत्तर येते सुमारे ४९ मीटर. रस्ता ओला असेल आणि घर्षणगुणांक ०.५ वर आला, तर तेच अंतर जवळजवळ ७९ मीटर होते. टायर बदलून घर्षणगुणांक ०.८ वरून ०.९ झाला, तर ते ४४ मीटरवर येते. या सूत्रात डिस्कचा व्यास कोठे आला? कोठेच नाही. वस्तुमानही आले नाही, कारण जड गाडीची ऊर्जा जास्त असली तरी तिचा रस्त्यावरचा भारही तितकाच जास्त असतो आणि दोन्ही बाजूंचे वस्तुमान छेद जाऊन नाहीसे होते. टायर आणि रस्ता मात्र सूत्रात ठाण मांडून बसले आहेत.

यावर कोणी म्हणेल, "मग स्पोर्ट्‌स कार बनवणारे कारखाने एवढे मोठे ब्रेक बसवतात ते काय वेडे म्हणून?" नाही. मोठ्या ब्रेकचे काम वेगळे आहे आणि ते समजून घेण्यासाठी वेगापेक्षा उष्णतेकडे पाहिले पाहिजे.

आपल्या गाडीची ताशी १०० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ३,८६,००० ज्यूल इतकी असते. गाडी थांबली की ही ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. चाक जखडू न देता गाडी थांबवली तर ही बहुतेक सारी उष्णता ब्रेकमध्ये निर्माण होते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकांकडे सरकतो. बस एकदम थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे सुमारे ७० टक्के काम पुढच्या दोन ब्रेकना करावे लागते. म्हणजे प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला साधारण १,३५,००० ज्यूल येतात. डिस्क बिडाची असते. एक किलोग्रॅम बिडाचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४६० ज्यूल लागतात. डिस्क ४ किलोग्रॅमची असेल आणि सगळी उष्णता तिच्यातच राहिली असे धरले, तर एकदा थांबण्याने तिचे तापमान ७३ अंशांनी वाढेल. मोठी डिस्क ६ किलोग्रॅमची असेल तर ४९ अंशांनी. दोन्ही ब्रेक हे तापमान हसतहसत सोसतील. एकदा थांबण्यापुरता लहान आणि मोठा ब्रेक यांच्यात काहीही फरक नाही.

पण समजा, थंड व्हायला वेळच न देता असे दहा वेळा थांबलो. मग लहान डिस्कची वाढ होईल ७३० अंश आणि मोठीची ४९०. प्रत्यक्षात वाहत्या हवेमुळे दोन्ही आकडे बरेच कमी येतील, पण दोघींतला फरक राहीलच. आणि अशा तापमानाला खरी अडचण सुरू होते. साध्या ब्रेक पॅडचे द्रव्य फार तापले की त्याचे घर्षण कमी होते. पेडल नेहमीइतकेच दाबावे आणि गाडी मात्र नेहमीइतकी थांबू नये, असा प्रकार होतो. येथे मोठी, जड डिस्क उपयोगी पडते. ती जास्त उष्णता पोटात घेते आणि तिचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे ती लवकर निवतेही.

मोटार शर्यतींच्या इतिहासात याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. फ्रान्समध्ये ल मां येथे चोवीस तासांची शर्यत होते. १९५३ साली तेथे जॅग्वार कंपनीने आपल्या 'सी-टाइप' गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक लावले होते. त्या काळी बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक असत. ड्रममध्ये घर्षण होते आतल्या बाजूला. त्यामुळे उष्णता कोंडते, आणि तापलेला ड्रम प्रसरण पावून ब्रेक शूपासून दूर जाऊ लागतो. डिस्क मात्र दोन्ही अंगांनी हवेत उघडी असते. जवळजवळ सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेग घ्यायचा आणि शेवटच्या तीव्र वळणावर तो एकदम उतरवायचा, हे दिवसरात्र, फेरीमागून फेरी चालू होते. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या जॅग्वारने ती शर्यत जिंकली. सरासरी वेग होता ताशी सुमारे १७० किलोमीटर. पहिल्या फेरीपेक्षाही शेवटच्या फेऱ्यांना डिस्कचा गुण कामी आला असणार, कारण तिचा लाभ एका दणक्यात कमी अंतरात थांबण्यात नव्हता. पुन्हा पुन्हा तसेच थांबता येण्यात होता. दोनच वर्षांनी, १९५५ साली, मर्सिडीझने त्याच शर्यतीत आपल्या गाडीच्या पाठीवर एक मोठी झडप बसवली होती. ती उभी केली की हवेचा विरोध वाढे आणि चाकांच्या ब्रेकवरचा भार हलका होई. उष्णतेचा प्रश्न किती बिकट होता, हे यावरून दिसते.

शर्यत आपल्यापासून फार दूर वाटत असेल तर ओळखीचा घाट घेऊ. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. १००० किलोग्रॅमच्या गाडीची त्यात ४९ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी होते. ताशी १०० किलोमीटर वेगावरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा झाली! ती सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेकची दैना होईल. म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात की घाट ज्या गिअरमध्ये चढवावा त्याच गिअरमध्ये उतरवावा. असे केले की बरीचशी ऊर्जा इंजिन खाते आणि ब्रेक गार राहतात. हा उपाय फुकटचा आहे आणि तो कोणत्याही महागड्या डिस्कपेक्षा जुना आहे.

ब्रेकमध्ये आणखी एक पदार्थ असा असतो की त्याची कोणाला आठवण होत नाही. तो म्हणजे ब्रेक ऑईल. द्रवाला दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. पेडलचा दाब चारी चाकांपर्यंत पोचतो तो या तेलामार्फत. पण हे तेल हवेतली आर्द्रता हळूहळू शोषून घेते. 'डॉट-४' प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असे प्रमाण आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर घसरलेली चालते. तापलेल्या ब्रेकजवळ असे जुने तेल उकळले तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल थेट तळाला जाते आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. अशा वेळी डिस्क केवढीही मोठी असून काय उपयोग? नव्या तेलाला मात्र फार पैसे पडत नाहीत.

मोठ्या ब्रेकच्या बाजूने जे सांगितले जाते तेही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. मोठ्या व्यासामुळे तेवढ्याच जोराने जास्त आघूर्ण मिळते, म्हणून पायाला कमी कष्ट पडतात. हे खरे आहे. इंजिन बदलून गाडी पुष्कळ जास्त ताकदवान केली असेल तर मूळचे ब्रेक कमी पडू शकतात, हेही खरे. मात्र पॅड रुंद झाले म्हणून घर्षण वाढते, हे तितकेसे खरे नाही. फ्रान्सच्या आमोंताँने १६९९ मध्येच दाखवले होते की घर्षण भारावर अवलंबून असते, टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर नाही.

आणि मोठ्या ब्रेकचा एक तोटा फारसा कोणी सांगत नाही. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा जोर कारखान्यात मोजूनमापून जुळवलेला असतो. केवळ पुढचे ब्रेक बदलून फार जोरदार केले, तर पुढची चाके लवकर जखडू लागतात आणि मागच्या टायरची पकड वापरलीच जात नाही. महिन्याचा पगार खर्चून गाडी पूर्वीपेक्षा लांब जाऊन थांबते! शिवाय चाकांबरोबर खालीवर होणारे वजन वाढते, ते वेगळेच. म्हणूनच जर्मनीत असे बदल अधिकृत तपासणीशिवाय रस्त्यावर चालत नाहीत. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही.

तर मग माझ्या विद्यार्थ्याने पैसे खर्च करावेत कशावर? माझा क्रम असा : आधी टायर. ते झिजलेले किंवा फार जुने असतील तर बदलावेत आणि हवेचा दाब नेमका ठेवावा. मग ब्रेक ऑईल. मग चांगल्या प्रतीचे पॅड. एवढे करूनही ब्रेक तापून कमी पडतात असे अनुभवाला आले, तरच मोठ्या डिस्कचा विचार करावा आणि तोही पुढचे-मागचे जुळवून.

त्याला मी एक प्रश्नही विचारला होता, "गाडी चालवतोस कोठे?" त्याचे उत्तर आले, "रोज घर ते ऑफिस आणि वर्षातून दोनतीनदा न्यूर्बुर्गरिंगवर." न्यूर्बुर्गरिंगचा 'नॉर्डश्लाइफे' हा १९२७ साली सुरू झालेला शर्यतीचा मार्ग सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा, डोंगरातला आणि वळणावळणांचा आहे. पैसे भरून सामान्य लोकांनाही तेथे आपली गाडी नेता येते. तेथे ब्रेक खरोखरच तापतात. त्या दोनतीन दिवसांसाठी चांगले पॅड आणि ताजे तेल त्याने जरूर घ्यावे. पुढे तेथे जाणे वाढले तर मोठ्या डिस्कचा खर्चही सार्थकी लागेल. पण उरलेले साडेतीनशे दिवस तो ज्या रस्त्यांवर असतो तेथे शाळा आहेत, सायकली आहेत, रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसे आहेत. त्या रस्त्यावरचे गणित निराळे आहे.

तेही करून टाकू. दोन अगदी सारख्या गाड्या आहेत. पहिली ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे, दुसरी ६० ने. दोघींच्या समोर एकाच वेळी, २७ मीटरवर, एक मूल चेंडूमागे धावत येते. मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत प्रत्येक चालकाला एक सेकंद लागतो. पहिली गाडी त्या सेकंदात १४ मीटर जाते, ब्रेक लागल्यावर आणखी १२ मीटर, आणि २६ मीटरवर थांबते. मूल वाचते. दुसरी गाडी त्या सेकंदातच सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. पहिली जेथे थांबली त्या ठिकाणी दुसरीचा वेग अजून ताशी ४० किलोमीटर असतो. ताशी दहा किलोमीटरचा फरक ताशी चाळीस किलोमीटरचा होऊन त्या मुलासमोर उभा राहतो. ही वर्गाची करामत आहे, आणि कोणताही ब्रेक ती पुसू शकत नाही.

मला खरी भीती येथेच वाटते. मोठे, लाल रंगाचे ब्रेक चाकातून चमकताना दिसले की चालकाला वाटू लागते, आता काय, गाडी हवी तेव्हा थांबेल. मग तो नकळत थोडा जास्त वेग घेतो, पुढच्या गाडीच्या थोडा जास्त जवळ जातो. सूत्रातला घर्षणगुणांक जागच्या जागी राहतो आणि वेगाचा वर्ग मात्र वाढतो. पैशापरी पैसा जातो आणि धोका विकत मिळतो.

माझ्या विद्यार्थ्याचे परवाच उत्तर आले. गाडीचे टायर नऊ वर्षांचे निघाले! झीज कमी दिसत होती म्हणून त्याने कधी तारीख पाहिलीच नव्हती. आता त्याने टायर आणि तेल बदलले आहे. डिस्कचा विचार सोडलेला नाही, पण पुढे ढकलला आहे. "न्यूर्बुर्गरिंगवर डिस्कचे तापमान मोजून मगच ठरवीन," असे त्याने लिहिले आहे. मोजून ठरवणे हे मला फार आवडले.

तुम्हीही एक गोष्ट मोजून पाहा. एक फळी आणि एक वीट घ्या. वीट फळीवर आडवी ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला आणि वीट घसरू लागली की ते टोक किती उंच गेले ते लिहून ठेवा. मग वीट कडेवर उभी ठेवून तेच करा. नंतर विटेवर दुसरी वीट ठेवून करा. शेवटी फळी ओली करून करा. चार उत्तरांपैकी कोणती सारखी आली आणि कोणते बदलले, हे पाहिलेत की मोठे ब्रेक घ्यावेत की चांगले टायर, याचे उत्तर तुमचे तुम्हालाच देता येईल.